कासवाचं कॅल्शियम: गोळी नको, समुद्रफेन आणि ऊन द्या

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या आसपास बऱ्याच घरांत कासव आलंय. कुणी वास्तूसाठी आणलंय, कुणी पोरांच्या हट्टापायी. सगळी लाल कानाची, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. (आपली देशी कासवं घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. नदीकाठचं उचलून आणलं असेल तर वनखात्याकडे द्या.) आमच्याकडे गंगी आहे, म्हणून कासवाचं काही विचारायचं झालं की लोक माझ्याकडे येतात. परवा समोरच्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, माझीच कॅल्शियमची गोळी कुटून घातली तर?"

नका घालू. त्या गोळीत बहुधा डी-३ जीवनसत्त्वही असतं आणि ते माणसाच्या मापाचं. तळहाताएवढ्या जिवाला ते जास्त झालं की कॅल्शियम मूत्रपिंडात, रक्तवाहिन्यांत साचायला लागतं.

आमचे अण्णा विट्याकडे लेअर कोंबड्या पाळायचे. कॅल्शियमची किंमत मला तिथं कळली. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं, म्हणून शिंपल्याचा चुरा मिसळायचा. तो कमी पडला तर आधी अंड्याचं कवच पातळ होतं, मग कोंबडी पायातून जाते, कारण ती स्वतःच्या हाडातलं काढून अंड्याला देत असते. कासवाचंही शरीर असंच हाडातून ओढतं. आणि त्याची पाठ हाडाचीच, बरगड्या आणि मणके जुळून झालेली. म्हणून पाठ मऊ पडते, वेडीवाकडी वाढते, जबडा दाबला तर लवतो, पाय थरथरतात. पिल्लाची पाठ थोडी लवचिक असतेच, पण मोठ्याची लवली तर थांबू नका.

बिघाड सुरू होतो तो रोजच्या चिकनच्या तुकड्यांनी. नुसत्या मांसात कॅल्शियमच्या दहापटीहून जास्त फॉस्फरस असतो. कासवाला हवं ते नेमकं उलट, कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट. त्यापेक्षा बाजारातले बारके मासे काट्यासकट द्या, गोड्या पाण्यातले, बिनमिठाचे. सुकटीत मीठ फार. पालक टाळा, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं. गंगी शेवग्याचा पाला आणि जास्वंदीची पानं आवडीनं खाते. पिल्लं मात्र पाल्याला तोंड लावत नाहीत, वय वाढेल तशी खायला लागतात.

कॅल्शियमची पावडर खाण्यावर भुरभुरली तर पाण्यात धुऊन जाते, आणि स्लायडरला तर पाण्यात तोंड बुडाल्याशिवाय घास गिळताच येत नाही. म्हणून मी मासा आणि पाला बारीक करून, त्यात बिनडी-३ची पावडर घालून चायना ग्रासमध्ये वड्या पाडतो. एवढा खटाटोप नको असेल तर समुद्रफेन आणा, म्हणजे कटलफिश या समुद्री जिवाच्या अंगातलं पांढरं कवच. पक्ष्यांच्या दुकानात कटलबोन म्हणून मिळतं. मागची टणक पाठ सुरीनं काढून टाकायची आणि मऊ भाग टाकीत तरंगत सोडायचा. हवं तेव्हा कासव कुरतडतं. मला हा सगळ्यात चांगला उपाय वाटतो, कारण किती खायचं हे त्याचं तोच ठरवतो.

पण उन्हाशिवाय यातलं काहीच अंगी लागत नाही. पोटातलं कॅल्शियम रक्तात जायला डी-३ लागतं आणि ते कासवाच्या कातडीत उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांनी तयार होतं. खिडकीची काच हे किरण अडवते. हॉलमध्ये काचेआड कितीही ऊन आलं तरी त्याचा इथं उपयोग नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात टब गच्चीवर न्या. अर्धा टब सावलीत हवा, पाणी हवं आणि शेजारी माणूस हवा. घारी, कावळे, मांजरं सोडत नाहीत, आणि सांगलीच्या एप्रिलात उथळ पाणी बघता बघता तापतं. गच्ची नसेल तर यूव्हीबी दिव्याची नळी लावा. ती पेटत राहते, पण तिचे किरण आधीच मंदावतात, म्हणून सहा महिने ते वर्षभरात बदलायची.

मादी असेल तर आणखी जपा. नर नसला तरी ती अंडी धरते आणि कवचासाठी तिचं कॅल्शियम खर्च होतं. खाणं सोडून सारखी बाहेर चढायला बघत असेल, मागच्या पायांनी उकरत असेल, तर ओल्या वाळूचं घमेलं ठेवा. तरीही अंडी आली नाहीत आणि ती मलूल दिसली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून एक्स-रे काढून घ्या.