आमची वाटचाल : अर्धा घोडा, पूर्ण घोडा

वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या कारखान्यात फिटर. कुणीतरी वाड्यावरची ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू ठासायची) त्यांच्याकडे आणली, आतली कमान, म्हणजे घोड्याला जोर देणारी स्प्रिंग, तुटलेली. तिथून हा बंदूक दुरुस्तीचा धंदा. परवाना रीतसर काढला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही तो लागतो. पुढची वर्षं काम येत गेलं, सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते २०१९ चं. ऑगस्टात पंचगंगा शाहूपुरीत आमच्या दुकानात छातीभर. कानशी गंजल्या की गेल्याच. वडिलांनी घडवलेला, कमान दाबून धरायचा शिकंजा तेवढा गाळातून शाबूत निघाला. तीन महिने कुलूप. तेवढ्यात आमच्याकडेच चार वर्षं कानस धरायला शिकलेल्यानं दोन गल्ल्या सोडून दुकान थाटलं आणि "मालक संपले" म्हणून सांगत सुटला.

त्याचं काम सांगू? टंबलर म्हणजे घोड्याबरोबर आत फिरणारा तुकडा, त्याच्या खाचेत घोडा अडून थांबतो. ती झिजलेली खाच वेल्डिंगनं भरतो आणि पाणी देतच नाही, म्हणजे तापवून विझवून कडक करत नाही. वरच्या पट्टीला बफ मारतो. जुन्या कारागिराची खूण, शंभर वर्षांचा तपकिरी रंग, सगळं साफ. गिऱ्हाईक खूश. मऊ खाच चार दिवसांत झिजते, मग घोडा अर्ध्यावर थांबतच नाही. अर्धा घोडा म्हणजे सुरक्षेची जागा, हे तरी तो आमच्याकडं शिकला होता की नाही!

राधानगरीकडचे एक आबा मात्र आमचेच राहिले. ऊसात डुकरं शिरतात म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना, टोपीची बंदूक (घोडा छोट्या स्फोटक टोपीवर पडून बार उडतो ती). त्यांनाही तो निम्म्या पैशात करून देतो म्हणाला होता. आबा म्हणाले, "चकाकी काय डुकराला दाखवायची हाय?" आणि भिंतीला चिखल असताना पुढ्यात बंदूक ठेवून इसार दिला. त्या बंदुकीची कमान मी ट्रकच्या पाट्याच्या पोलादातनं घडवली. लाल करून तेलात विझवली, मग तेल लावून ते पेटून जळून जाईस्तोवर पुन्हा तापवली. घाई केली की कमान वाकाशीच तुटते.

आणि घरात जुनी बंदूक असेल तर आधी ठासणी, म्हणजे बार ठासायची काठी, नळीत सोडून बघा. आत किती जाते ते बाहेरून नळीवर मापा. कमी जात असेल तर आजोबांनी भरलेला बार (दारू-गोळी) अजून आत असू शकतो. घोड्याला हात लावू नका, जाणकाराकडं न्या. रिकामा घोडाही टोपीच्या जागेवर पाडू नका, ती चेपते.

त्यानं भरलेल्या खाचा आता आमच्याकडंच येतात. वेल्डिंग कापून काढायचे पैसे मी वेगळे लावतो.