कर्नल रॉयल यांचे अशील

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

आज नुसती तारीख पडली. सकाळी साडेदहापासून कोर्टात बसून होते, अडीचला पुकारा झाला आणि दोन मिनिटांत पुढची तारीख हातात. विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे सरकारी खर्चानं वकील देणाऱ्या यंत्रणेकडून, आलेलं प्रकरण. या आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही असं इथल्या वकिलांनी आपसांत आधीच ठरवलं होतं, त्यामुळे हल्ली मी बाररूममध्ये शिरले की गप्पा बारीक होतात. आजही डबा गाडीत बसूनच खाल्ला.

घरी येऊन परत कर्नल केनेथ रॉयल यांच्याबद्दल वाचत बसले. गेले आठ दिवस हा माणूस डोक्यातून जात नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या गोल्ड्सबरोचे. १८९४ चा जन्म, हार्वर्डला कायदा शिकले, पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते, मग गावी येऊन वकिली. उंची साडेसहा फुटांच्या आसपास. दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा पुन्हा गणवेश चढवला, पण कामाला बसले ते लष्कराच्या कायद्याच्या कचेरीत.

जून १९४२. जर्मन पाणबुड्यांतून आठ माणसं अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरली, चार लाँग आयलंडवर, चार फ्लोरिडात. स्फोटकांच्या पेट्या वाळूत पुरल्या. लाँग आयलंडवर रात्री गस्तीचा एक पोरगेला तटरक्षक समोर आला, तर त्याच्या हातात २६० डॉलर कोंबून तोंड बंद ठेवायला सांगितलं. त्यानं ठाण्यावर जाऊन सगळं सांगून टाकलं. पुढे त्यांच्यातल्याच डॅशनं एफबीआयला फोन केला आणि दोन आठवड्यांत आठही जण गजाआड. एक कारखाना उडाला नाही, एक पूल पडला नाही. पण पर्ल हार्बरला जेमतेम सात महिने झालेले, लोकांना फाशीच हवी होती.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सात जनरलांचा लष्करी आयोग नेमला आणि जाहीरनाम्यात लिहून टाकलं की या आरोपींना नागरी कोर्टाचं दार बंद. आरोपींच्या बाजूनं उभं राहायला रॉयल आणि कर्नल डॉवेल यांना नेमलं तेही रूझवेल्ट यांनीच. सरकारतर्फे खुद्द ॲटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल. खटला न्याय खात्याच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर, खिडक्यांना काळे पडदे लावून.

रॉयल यांनी मान डोलावली असती तर कोण काय बोलणार होतं? दोन-चार साक्षीदारांची उलटतपासणी, दयेची विनंती, झालं काम. त्यांनी केलं ते असं. सरळ राष्ट्राध्यक्षांना पत्र पाठवलं: आपला हा हुकूम घटनेत बसतो का याबद्दल आम्हांला गंभीर शंका आहे. उत्तर फोनवरून आलं, तेही सचिवाचं. हुकूम बदलणार नाही, काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. रॉयल यांनी ठरवलं. सरसेनापतीनं, म्हणजे राष्ट्राध्यक्षांनीच, बचाव करायला सांगितलंय ना, मग पुरता बचाव करायचा, त्यात सरसेनापतीचाच हुकूम कोर्टात न्यावा लागला तरी. मला यातली वकिली फार आवडते. बंड नाही, आदळआपट नाही. हुकमाचा अर्थ देणाऱ्यापेक्षा जास्त गंभीरपणे लावला, एवढंच.

सुप्रीम कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती. न्यायमूर्ती ब्लॅक यांनी दाद दिली नाही, म्हणून न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांच्या पेनसिल्व्हेनियातल्या शेतावर जावं लागलं. कोर्ट खास बसलं २९ आणि ३० जुलैला. रॉयल यांचा मुख्य आधार १८६६ चा मिलिगनचा निकाल: जिथे नागरी कोर्टं उघडी आहेत तिथे नागरिकावर लष्करी खटला चालवता येत नाही. ३१ तारखेला एकमतानं निकाल लागला, रॉयल हरले. ८ ऑगस्टला सहा जणांना विजेच्या खुर्चीवर मारलं. उरलेल्या दोघांना, डॅश आणि बर्गर यांना, कैद. आणि कोर्टानं कारणांसह सविस्तर निकालपत्र दिलं २९ ऑक्टोबरला. माणसं मेल्यावर ऐंशीहून जास्त दिवसांनी कारणं! आमच्याकडे प्रमाणित नक्कल उशिरा मिळते म्हणून मी कुरकुरत असते.

पण त्या निकालात एक गोष्ट रॉयल यांच्या पदरात पडलीच. जाहीरनाम्यात काहीही लिहिलेलं असो, आमच्यापुढे येण्याचा यांचा मार्ग त्यानं बंद होत नाही, असं कोर्ट म्हणालं. आरोपींनी आपल्या वकिलांचे लेखी आभार मानले होते. जनतेचा रोष पत्करून आमची बाजू मांडलीत, अशा अर्थाचे.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण पुढचंही वाचलं. हेच रॉयल १९४७ मध्ये अमेरिकेचे शेवटचे युद्धमंत्री आणि मग लगेच पहिले लष्करमंत्री झाले. जुलै १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यात वर्णभेद नको असा हुकूम काढला, तेव्हा हे आडवे. लष्कर म्हणजे सामाजिक सुधारणेचं साधन नव्हे, असं चौकशी समितीपुढे सांगितलं. एप्रिल १९४९ मध्ये पद गेलं. जर्मन घुसखोरांसाठी राज्यघटना उघडणाऱ्या माणसाला आपल्याच काळ्या शिपायांना त्यातलं पान वाचून दाखवता आलं नाही. आणि १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये स्फोट होऊन चार काळ्या मुली गेल्या, तेव्हा केनेडींनी समेटासाठी पाठवलेल्या दोघांत पुन्हा हेच! माझ्याच्यानं हे काही जुळत नाही. दक्षिणेतला त्या पिढीचा गोरा माणूस, म्हणून सोडून द्यावं म्हटलं, तर मग १९४२ चा रॉयल कुठून आला?

उद्या तुरुंगात भेटीची वेळ घेतलीय. गेल्या खेपेला जाळीपलीकडून माझ्या अशिलानं विचारलं होतं, "मॅडम, तुमची फी सरकार देतं ना? मग तुम्ही कुणाच्या?" मी कागद चाळत बसले होते. उद्या परत विचारेलच. जामीन अर्जातला तिसरा परिच्छेद अजून लंगडा आहे, तो आत्ताच नीट केलेला बरा.