साठ टक्क्यांची फोड

एका देशाची चालू खात्यातली तूट (परदेशाशी व्यवहारात येणाऱ्या पैशापेक्षा जास्त जाणारा पैसा) दीर्घकाळ पेलवेल का, यावर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिपण द्यायचं होतं. आकडे गोल करून सांगतो: निव्वळ परकीय देणी (परदेशाला द्यायचं ते वजा परदेशातली मालमत्ता) जीडीपीच्या ६० टक्के, जीडीपीची वाढ ५ टक्के. ही वाढ चालू किमतींचीच घ्यायची. महागाई वगळलेला दर घालायची चूक इथे सर्रास होते आणि पुढचं सगळं गणित फसतं. ६० ला ०.०५ ने गुणून १.०५ ने भागलं की जवळपास २.९ टक्के येतात. तूट तेवढीच राहिली तर देणी ६० वरच थांबतात. प्रत्यक्ष तूटही तेवढीच होती. ‘पेलवेल’ असं लिहूनही झालं.

मग वाढ ३ टक्के धरून पाहिली. तीच तूट देण्यांना १०० टक्क्यांच्या जवळ नेते, पण त्याला दशकं लागतात. तोवर धोरण बदलता येतं. खरा धक्का ६० ची फोड केल्यावर बसला. देणी १००, परदेशातली मालमत्ता ४०, दोन्ही डॉलरमध्ये. देशाचं चलन २५ टक्क्यांनी घसरलं की त्या चलनात मोजलेले १०० चे १३३ होतात, ४० चे ५३. निव्वळ देणी थेट ८०! शेजारच्या रकान्यात देणी देशाच्याच चलनात धरली: १०० चे १००च, मालमत्ता ५३, निव्वळ ४७. घसरण तीच, पण एकीकडे ओझं एक तृतीयांशाने वाढलं, दुसरीकडे पाचव्या हिश्शाहून जास्त उतरलं.

ऑस्ट्रेलियाने १९७० च्या दशकापासून २०१९ पर्यंत जवळपास सलग तूट चालवली. तिथली देणी बव्हंशी स्वतःच्या डॉलरमध्ये किंवा हेज केलेली (विनिमय दराच्या धोक्यापासून आधीच सुरक्षित केलेली) असतात, हे त्यामागचं मोठं कारण. थायलंडची तूट १९९६ मध्ये ८ टक्क्यांच्या घरात होती, पण घात केला अल्पमुदतीच्या डॉलर कर्जांनी. २ जुलै १९९७ ला तिथलं चलन, बात, बाजाराच्या दरावर मोकळं सोडावं लागलं; डॉलरचा भाव २५ बातवरून जानेवारी १९९८ मध्ये ५० च्या वर गेला. परकीय चलनाची गंगाजळी कागदावर भरपूर दिसत होती. मध्यवर्ती बँकेने वायद्यात (पुढच्या तारखेला द्यायच्या बोलीवर) विकलेले डॉलर वजा केले तर हाती फारसं काही उरत नव्हतं.

म्हणून ‘पेलवेल’ खोडलं आणि तुटीच्या आकड्याआधी दुसरा तक्ता टाकला: देणी कोणत्या चलनात, वर्षभरात किती फेडायची, त्यात कर्ज किती आणि भागभांडवल किती (संकटात शेअरची किंमत आपोआप उतरते, कर्जाची रक्कम नाही), वायदे वजा जाता गंगाजळी किती. हाती आलेल्या आकडेवारीत नेमका वायद्यांचा रकाना रिकामा होता. तो भरून मिळेपर्यंत टिपण पुढे पाठवलं नाही.