पेशी जिवंत असताना

कांद्याचा पातळ पापुद्रा पाण्याच्या थेंबात पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर आधी जवळजवळ काहीच दिसत नाही. प्रकाश जरा कमी केला, की विटांसारख्या रचलेल्या पेशींच्या कडा उमटतात आणि धीर धरला, तर पेशीद्रव्यातले बारीक कण भिंतीलगत सरकताना दिसतात. मग आयोडीनचा थेंब सोडावा. केंद्रक पिवळसर तपकिरी होऊन ठसठशीत दिसते आणि कणांची लगबग मात्र थांबते. पेशी नीट दिसली, पण ती मेली! पेशीविज्ञानाचा बराचसा इतिहास याच सौद्याचा आहे, असे मला वाटते.

रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले, त्या नुसत्या भिंती होत्या. आतले चैतन्य केव्हाच संपले होते. डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक याने मात्र एकाच इवल्याशा भिंगातून पाण्यात वळवळणारे सूक्ष्मजीव पाहिले, तेही जिवंत. पुढे भिंगांतले दोष कमी झाले आणि १८३८-३९ मध्ये श्लायडेन व श्वान यांनी वनस्पती आणि प्राणी पेशींचेच बनलेले असल्याचे मांडले.

यानंतर रंजकांचे, म्हणजे पेशी रंगवणाऱ्या द्रव्यांचे, राज्य आले. वॉल्टर फ्लेमिंगने रंगवलेल्या पेशींतून विभाजनाच्या अवस्थांचा क्रम लावला. गॉल्जीने १८९८ मध्ये चेतापेशींत एक जाळीदार रचना दाखवली, पण ती खरोखर पेशीत असते की रसायनांच्या प्रक्रियेने निर्माण होते, हा वाद अर्धशतक रेंगाळला. तो मिटवला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने, आणि गंमत अशी, की या यंत्रासाठीही पेशीला रसायनांत स्थिर करून, पाणी काढून, अतिपातळ काप करून निर्वातात ठेवावे लागत होते. एका मृत चित्राची साक्ष दुसऱ्या मृत चित्राने दिली.

म्हणून मला डच भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निकेचे काम अधिक मोलाचे वाटते. पेशीच्या निरनिराळ्या भागांतून जाताना प्रकाश कमी-अधिक रेंगाळतो. डोळ्याला न कळणारा हा फरक त्याने उजेड-अंधारात बदलला. रंग न लावता पेशीचे विभाजन सलग पाहता येऊ लागले. त्याला १९५३ मध्ये नोबेल मिळाले. जेलीफिशमधल्या हिरव्या चकाकत्या प्रथिनाने पुढे जिवंत पेशीतले एखादे नेमके प्रथिनही उजळवता आले. अर्थात तीव्र प्रकाश पेशीला इजा करतो, त्यामुळे संशोधक आजही तो शक्य तितका मंद आणि क्षणभरच टाकतात.