आमची वाटचाल : चौकशीच्या वहीतून शोधाच्या पानावर

कोल्हापुरात २०१० साली आम्ही ही फर्म सुरू केली, तेव्हा आमचे काम वेबसाइट बांधून देण्यापुरतेच होते. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील अनेक कारखानदारांनी तोवर स्वतःची वेबसाइट करून घेतली होती. मात्र व्हिजिटिंग कार्डावर पत्ता छापण्यापलीकडे तिचा फारसा उपयोग होत नव्हता. “साइट आहे, पण गूगलवर दिसत नाही,” ही तक्रार वारंवार कानी येऊ लागली आणि तिचे उत्तर शोधता शोधता आम्ही एसईओच्या, म्हणजे शोधयंत्रात वेबसाइट वर आणण्याच्या, व्यवसायात स्थिरावलो.

पानाच्या कोडमध्ये, वाचकाला न दिसणाऱ्या मेटा टॅगमध्ये भरायचे शब्द म्हणजे कीवर्ड, अशी त्या काळी सर्रास समजूत होती. क्रमवारी ठरवताना आपण हा टॅग विचारात घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते. तरीही त्यात शब्दांच्या याद्या कोंबणे आणि पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तेच शब्द पुन्हा पुन्हा लिहिणे बाजारात चालूच होते. आम्ही पहिल्यापासून त्या वाटेला गेलो नाही. गिऱ्हाईक माल मागताना जे शब्द वापरते, तेच शब्द पानावर उघडपणे आणि योग्य जागी असावेत, ही आमची भूमिका तेव्हाही होती आणि आजही आहे.

ही भूमिका कामात कशी उतरते, याचे सर्वांत ठळक उदाहरण एका फाउंड्रीचे, म्हणजे धातू ओतून सुटे भाग (कास्टिंग) बनवणाऱ्या कारखान्याचे, आहे. त्यांच्या मुख्य पानाचे शीर्षक नुसते ‘होम’ असे होते, मजकुराची सुरुवात गुणवत्तेच्या ब्रीदवाक्याने होत होती आणि सर्व उत्पादने एकाच पानावर होती. आम्ही प्रथम त्यांची चौकशीची वही आणि आलेले ईमेल वाचायला मागितले. परचेस विभागातील माणूस ‘उत्कृष्ट दर्जाचे कास्टिंग’ असे कधीच लिहीत नाही; तो ‘एसजी ५००/७’ असा लोखंडाचा ग्रेड लिहितो, नगाचे वजन सांगतो, मशीनिंग करून मिळेल का, हे विचारतो. मालकांचा आग्रह मात्र ‘कास्टिंग’ या एकाच शब्दावर वर येण्याचा होता, कारण त्याचा शोध सर्वाधिक होतो असे त्यांनी ऐकले होते. तो शब्द टाइप करणाऱ्यांत चित्रपट-मालिकांत भूमिका शोधणारेही असतात आणि त्यांच्यापैकी कोणीही पंपाची बॉडी विकत घेणार नाही, हे आम्ही त्यांना शोधाची पाने उघडून दाखवले. त्यानंतर ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या दोन प्रकारांची पाने वेगळी केली; प्रत्येक पानावर ग्रेड, कमीत कमी व जास्तीत जास्त वजन, मोल्डिंगची पद्धत, भट्टीची क्षमता आणि स्पेक्ट्रोमीटर तपासणीची माहिती दिली. शीर्षकात उत्पादन, ‘उत्पादक’ आणि ‘कोल्हापूर’ असे तीनही आले. कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांच्या नावाने चढवलेल्या फोटोंना त्या त्या सुट्या भागाची नावे मिळाली. चौकशा एकदम वाढल्या नाहीत. पण ज्या येऊ लागल्या त्या ड्रॉइंग जोडून येऊ लागल्या, आणि कारखानदाराला त्याचेच मोल अधिक असते.

गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये पांडा आणि एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन हे क्रमवारीच्या पद्धतीतील बदल आणले. उथळ मजकुराची आणि विकत घेतलेल्या लिंकची पाने त्यामुळे मागे पडली. आमच्या पानांना त्याची झळ बसली नाही आणि इतरत्र काम करून घेतलेली काही मंडळी त्यानंतर आमच्याकडे आली.

२०१५ च्या एप्रिलपासून मोबाइलवरील शोधात मोबाइलला साजेशा पानांना झुकते माप मिळू लागले आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यानंतर जिल्ह्याच्या गावागावांतून शोध होऊ लागला. कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्या एका कुटुंबाचे काम याच सुमारास आमच्याकडे आले. दुकानात बसून आम्ही गिऱ्हाइकांचे प्रश्न लिहून घेतले: कापशी (चपलेचा एक प्रकार) आहे का, नवी चप्पल चावते त्यावर काय करावे, पावसात भिजली तर कशी वाळवावी. एकेका प्रश्नाला एकेक पान दिले आणि त्यावरचे उत्तर त्या घरातील कारागिरांनी सांगितले तसेच लिहिले. अशी उत्तरे कोणत्याही कीवर्डच्या साधनातून मिळत नाहीत.

मराठी मजकुराची अडचण निराळी होती. अनेकांची माहितीपत्रके जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असत किंवा चित्र म्हणून साइटवर चढवलेली असत. त्यातील अक्षरे शोधयंत्राला मराठी म्हणून वाचताच येत नव्हती. तो सर्व मजकूर आम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, नव्याने टाइप केला. डिसेंबर २०१९ मध्ये गूगलने बर्ट ही भाषा समजून घेणारी प्रणाली सत्तरहून अधिक भाषांच्या शोधासाठी लागू केली आणि त्यांत मराठीही होती. ‘चप्पल’, ‘चपला’, ‘चपलांची’ ही सर्व रूपे वाक्यात ओढूनताणून बसवण्याचा हट्ट काही लेखक धरत असत; आम्ही तो कधीच मान्य केला नव्हता आणि आता त्याला कसलेच कारण उरले नाही.

पहिल्या क्रमांकाची हमी आम्ही कोणालाही देत नाही. अशी हमी कोणी देऊच शकत नाही, असे गूगलच्या मार्गदर्शनातही स्पष्ट म्हटले आहे. परिणाम दिसायला काही महिने लागतात, हे पहिल्या भेटीतच सांगितल्यामुळे काही कामे आमच्या हातून गेली, त्याची आम्हाला खंत नाही. आमच्या मासिक अहवालात कोणत्या शब्दांवरून माणसे आली, कोणत्या पानावर थांबली आणि त्यांतून फोन व ईमेल किती आले, हे सर्वांत वर असते. क्रमांक त्यानंतर येतात.

शोधाच्या पानावर एआयने तयार केलेले सारांश २०२४ पासून भारतातही दिसू लागले आहेत आणि ‘एसजी आयर्न म्हणजे काय’ यासारख्या प्रश्नाचे उत्तर पान न उघडताच मिळते. म्हणून सध्या आम्ही व्याख्या सांगणारी जुनी पाने आटोपशीर करून, प्रत्येक कारखान्याचे स्वतःचे चाचणी अहवाल, वजनांचे तक्ते आणि प्रत्यक्ष केलेल्या नगांचे फोटो पानांवर आणण्याच्या कामात गुंतलो आहोत.