आमची वाटचाल : पट्टा ताणायचा भाग

बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप सुरू केलं: स्वतःचे बरेचसे भाग स्वतःच छापणारा, सगळी रेखाचित्रं खुली असलेला थ्रीडी प्रिंटर. २००९ मध्ये प्लास्टिक वितळवून थरावर थर चढवण्याच्या या छपाईपद्धतीचं मूळ पेटंट संपलं आणि आमच्यासारख्या दोघांनाही धंदा करता येईल असं वाटू लागलं. भागीदार नोझल (वितळलेलं प्लास्टिक सोडणारं तोंड) आणि बेड (वस्तू जिच्यावर छापली जाते ती पाटी) यांच्यामध्ये कागद सरकवून उंची लावायचा. कागद किंचित अडला पाहिजे, अडकता कामा नये. त्याच्या बोटांइतकं अचूक सेन्सरनेही मला कधी दिलं नाही.

आमचे पहिले गिऱ्हाईक कवळ्या बनवणारे. मशीन रात्रभर चालवायचे. नोझल सरकवणारा पट्टा सैल पडतो म्हणून त्यांनी तो ताणायचा भाग स्वतः आखला आणि चित्र आम्हाला पाठवलं. आम्ही तो सुधारून सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्यात चुकून एक बिनकामाचं भोक राहिलं होतं.

वर्षभरात एका मोठ्या विक्रेत्याचं मशीन आलं. आमच्याहून स्वस्त, आणि पट्ट्याच्या भागाला तेच भोक! त्याचं फर्मवेअर (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) मार्लिन या खुल्या फर्मवेअरवरून घेतलेलं, म्हणजे त्याच्या जीपीएल या खुल्या परवान्यानुसार कोड द्यायलाच हवा. तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. आमच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या, भागीदाराने पगार सोडला. तो राग अजून गेलेला नाही.

रागाच्या भरात आम्हीही चित्रं बंद केली. आमचं फर्मवेअरही मार्लिनवरचंच, पण मार्लिनमध्ये इतरांनी केलेल्या सुधारणा आमच्या कोडमध्ये घ्यायचंही सोडलं. तापमान हाताबाहेर गेलं तर हीटर बंद करणारं संरक्षण तिकडे केव्हाच आलं होतं, आमच्याकडे नव्हतं. एका रात्री कवळीवाल्यांच्या मशीनमधला थर्मिस्टर (नोझलचं तापमान मोजणारा सेन्सर) निसटला. फर्मवेअरला वाटलं नोझल थंड आहे, म्हणून ते तापवतच राहिलं. धूर झाला. ते जागे होते म्हणून निभावलं. सकाळी काळं पडलेलं हॉटएंड (नोझल आणि हीटरचा तापणारा भाग) माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मशीनचं सोडा. मी दिलेलं चित्र तुम्ही कुलपात कसं ठेवलंत?"

त्याच आठवड्यात सगळं पुन्हा खुलं केलं. नंतरची वर्षं सुरळीत गेली. या धंद्यात येणाऱ्यांनो, मशीन विकण्याआधी थर्मिस्टर मुद्दाम सैल करून बघा, हीटर बंद पडतो का. आणि मूळ कोडपासून महिनाभरही लांब राहू नका.

ते बिनकामाचं भोक आम्ही तसंच ठेवलंय. चित्रावर कवळीवाल्यांचं नाव आधी आहे, आमचं खाली.