तुम्ही विचारलंत म्हणून: ते महाभारत अजून घरात कसं?

ते महाभारत अजून टाकलं नाही का, हे मला आता लग्नात विचारतात, सलूनमध्ये विचारतात, बँकेच्या लाइनीत पण विचारून झालंय. नाही टाकलं. टाकणार पण नाही.

जळगावला रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलेले मराठी भाषांतराचे जुने खंड आहेत, बाइंडिंग सुटलेलं, पहिल्या पानावर आधीच्या मालकाचं नाव ब्लेडने खरवडलेलं. काकूंनी ते बघितलं आणि निकालच दिला, बघ, त्याने पण नाव खोडून विकलं, अख्खं महाभारत घरात आलं की भाऊ भावाला पाण्यात पाहतो भो.

झालं असं की त्याच वर्षी मृगाच्या तोंडावर वादळ आलं, चोपड्याकडची आमची कापणीला आलेली केळी आडवी झाली, मग काकांनी बांधाची सरकारी मोजणी मागवली, मग गाडीचं इंजिन बसलं, आणि सगळं गेलं पुस्तकाच्या खात्यावर. अरे पण केळीचं खोड म्हणजे लाकूड नाहीच ना, पानांचे देठ एकात एक गुंडाळलेले, मुळं वरवर, वर एवढा मोठा घड लटकलेला, मे-जूनचा वारा सुटला की मोडणारच. ज्यांच्या घरात पंचांगसुद्धा नाही त्यांची पण मोडली. बांधाचं भांडण तर आजोबांच्या वेळचं, तेव्हा हे खंड दुसऱ्याच कुणाच्या तरी कपाटात होते. गाडी धाकटा वापरतो, त्यावर मी बोलत नाही.

आणि गंमत बघा, गीता प्रत्येकाच्या देवघरात, ती भीष्मपर्वातलीच आहे, म्हणजे तुकडा चालतो, अख्खं चालत नाही! 1988 ते 1990 हेच महाभारत अख्ख्या गावाने दर रविवारी टीव्हीपुढे बसून बघितलं, काकूंनी पण, तेव्हा कुणाची वाटणी झाली नाही. शेवटच्या स्वर्गारोहण पर्वात तर हे ऐकणाऱ्याला पुण्य लागतं असं सरळ लिहिलंय. पण तिथपर्यंत वाचतं कोण, भीती वाटायला नुसतं कव्हर पुरतं. काकूंशी मी वाद घालत नाही, त्यांच्या समाधानासाठी खंड देवघराच्या खोलीतून माळ्यावर नेले, एवढं चालतं.

नुकसान झालं नाही असं पण नाही हं. त्या खंडांतून कसर आली, शेजारच्या चांगल्या पुस्तकांची पानं चाळणीसारखी करून टाकली. त्यामुळे रद्दीतलं पुस्तक आणलं की ते आधी वेगळं ठेवा, पान न् पान झटका, ऊन दाखवा, कडुलिंबाचा सुकवलेला पाला घाला आणि मगच कपाटात लावा, मग ते महाभारत असो नाहीतर पाककृतीचं.